नवमीचं श्राद्ध

अण्णा, इतक्या वर्षांनी लिहितो आहे, रागावू नका. रोज लिहीन म्हणतो आणि राहून जातं. चौथीपर्यंत शिकलेला मी, शब्दही नीट जुळत नाहीत.

सिंगापूर पडलं आणि पलटणीबरोबर आपण दोघे आचारीही कैदी झालो. छावणीत बांबूच्या माच्यावर माणसाला माणूस चिकटून निजायचा, एकाचा ताप सगळ्यांना. पावसात संडास भरून माच्याखाली वाहायचा. किडका भात, भोपळ्याचं पाणी, माणशी एक करवंटी. मी शितं मोजायचो आणि तुम्ही हसायचात, "लग्नात तुपाची धार सोडणारा हात हा! बघा, आता शितं मोजतो." पायाची जखम हाडापर्यंत गेली तरी तुमची थट्टा थांबली नाही. पंचांग नव्हतं, चंद्र बघून तिथी तुम्हीच सांगायचात.

ती आषाढ वद्य अष्टमी होती. सकाळी हाक मारली तर तुम्ही थंड पडलेले. तेवढ्यात आपल्या कुंभकोणाजवळच्या तिरुनागेश्वरमचा ओळखीचा वाढपी भात घेऊन आला.

"अण्णा उठले नाहीत?"

"निजलेत. त्यांचा वाटा ठेव इथे."

मेलेल्याचा वाटा बंद व्हायचा, अण्णा. तुमच्या अंगावर गोणपाट ओढून, शेजारी बसून, मी दोन्ही वेळा तुमचा भात खाल्ला. दुसऱ्या सकाळी रडलो, अण्णा गेले म्हणून. सुटून आल्यावर त्या वाढप्यानंच कुंभकोणात घरी येऊन वहिनींना तुमची तिथी नवमी सांगितली. मीही हो म्हटलं.

तेव्हापासून तुमचा मुलगा नवमीला कावेरीकाठी पिंड ठेवतो. परवाही ठेवला. वहिनी दुपारपर्यंत उपाशी उभ्या. कावळा येतो, बघतो, निघून जातो.

"भावोजी, त्यांच्या आवडीचं सगळं केलं हो. माझं काय चुकलं?"

"कावळ्यांनाही आता हॉटेलची चटक लागली, वहिनी," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

अष्टमी सांगावी, तर नवमी कशी झाली तेही सांगावं लागेल. त्यांच्या हातचंच जेवतो मी; मग पान वाढतील का? आणि न सांगावं, तर तुम्ही तिथेही उपाशी.

हे पत्र कुठे टाकायचं, कळत नाही. पेटीतच राहील. एक गोष्ट कुणाला सांगितली नाही: तो भात मला गोड लागला.

नवमीचं अन्न तुम्हाला पोचतं का? पोचत नसेल तर वहिनींना सांगेन, खरंच सांगेन. पण लवकर कळवा, अण्णा.