सात दिवसांत कंबरदुखी गायब

३ जून
जोशीकाकू आल्या नाहीत. नऊ वर्षं दर सोमवारी साडेदहाला माझ्या टेबलावर पालथी पडणारी बाई! फोन केला तर म्हणे, "अगं सुनंदा, पल्लवीकडे जाऊन बघितलं. काय हलका हात आहे गं तिचा!" तो हात मी घडवला. नागपूरहून आली तेव्हा तेल किती कोमट करायचं तेही कळत नव्हतं. वर्षभर माझ्याकडे शिकली आणि आता राजाजीनगरातच, दोन गल्ल्या सोडून, स्वतःचं मसाज सेंटर.

५ जून
भाजीचं निमित्त काढून तिकडून गेले. बोर्ड केवढा! 'सात दिवसांत कंबरदुखी गायब'. शेजारी प.चा हसरा फोटो. दिसते छान मेली.
ती यायच्या आधी माझ्या बोर्डावर 'वेदनामुक्ती' एवढा एकच शब्द होता. पालिकेचा माणूस म्हणाला, "अक्का, लायसन्स मसाजचं आहे, डॉक्टरचं नाही. बरं करतो असं लिहायचं नाही." त्याच दिवशी स्टुलावर चढून थिनरने पुसला. आता नुसतं नाव, 'मसाज' आणि लायसन्स नंबर. हिला कोणी विचारत नाही?

६ जून
ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता, इथलं कन्नड मिसळून, "स्वल्प शांत हो. तुझं काय गेलं?" काय गेलं! जोशीकाकू गेल्या. आता त्यांची जाऊ जाईल, मग अख्खं भजनी मंडळ.

७ जून
तक्रार लिहिली. कन्नडमध्ये, मुद्देसूद. खाली नाव नाही. पालिकेच्या हापिसातल्या पेटीत टाकून आले. येताना दोन म्हैसूरपाक खाल्ले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१८ जून
प. आली. डोळे सुजलेले, हातात नोटीस. कन्नड वाचता येत नाही, म्हणून माझ्याकडे! "ताई, तुमच्याशिवाय कोण आहे मला इथे?" वाचून दाखवली. अर्धी वाक्यं माझीच, जशीच्या तशी. आठवड्यात लेखी खुलासा, नाहीतर लायसन्स रद्द. सेंटर बंद पडलं तर घरचे तिला नागपूरला नेऊन लग्न लावून टाकणार.
म्हटलं, असं लिहितात का गं बोर्डावर? तर म्हणाली, "मला कुठे ठाऊक? तुमच्या बोर्डावर काहीच नाही. मला वाटलं, तुम्हाला जाहिरातीची गरजच पडत नाही."
राग जरा उतरला. मग जाता जाता म्हणाली, जोशीकाकू रोज डबा पाठवतात. झालं, परत चढला.

२४ जून
उद्या शेवटचा दिवस. सकाळी प. येऊन गेली. बोर्ड उतरवलाय म्हणे. खुलासा कन्नडमध्येच हवा. "तुम्हीच लिहा ताई, मला तसंही वाचता येणार नाही." आणि कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करून दिली! म्हटलं, अगं वेडे, कोऱ्या कागदावर सही करू नये कधी. हसली. "तुमच्याकडेच तर देतेय."
'चूक झाली, बोर्ड काढला' असं लिहिलं की सुटेल. 'बोर्डात काही चूक नाही, काढणार नाही' असं लिहिलं की कुलूप. दोन्हीला ओळ एकच लागते.
दुपारी जोशीकाकूंचा फोन. "सुनंदा, पोरीचं नीट बघ हं." नऊ वर्षांत माझ्यासाठी कोणाला असा फोन केलाय त्यांनी?
पेन घेऊन बसलेय. तारीख तेवढी घातली आहे.