प्रकृती स्थिर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं, असा संकल्प.
नवा पूल पडला. मंत्रीसाहेबांच्या प्रेसनोटा मी लिहितो, त्यामुळे ‘पडला’ म्हणून चालत नाही. ‘पुलाने आपले आयुष्य नियोजित वेळेआधी पूर्ण केले’ असं लिहिलं. साहेब खूश.
बाबांना खोकला. बायको म्हणाली, तीन महिने झाले. मी म्हटलं, हवा बदललीय.

बुधवार, ५ मार्च.
बाबांना ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. मला हा शब्द पटला नाही. अधिवेशन होतं, मग पोटनिवडणूक. प्राधान्यक्रम म्हणून काही असतो की नाही?
धाकट्या भावाला फोन केला. तो पंधरा तासांच्या अंतरावर शाळामास्तर आहे. बाबांना डॉक्टरला दाखव म्हणून डिसेंबरपासून मागे लागला होता, आणि मी ‘दाखवलं’ म्हणून मोकळा झालो होतो. इथे आला की पहिला प्रश्न तोच विचारणार. म्हटलं, प्रकृती स्थिर आहे, घाई नको.

गुरुवार, ६ मार्च. दुपार.
आमच्या धंद्यात पायऱ्या ठरलेल्या आहेत. ‘स्थिर’ म्हणजे गंभीर. ‘उपचारांना प्रतिसाद’ म्हणजे जास्त गंभीर. ‘डॉक्टरांचे बारीक लक्ष आहे’ असं आलं, की वार्ताहर जुने फोटो शोधायला लागतात. वीस वर्षांत एकही वार्ताहर फसलेला नाही.
धाकट्याला आज ‘प्रतिसाद’ कळवला. त्याच्या जिवात जीव आला. म्हणाला, परीक्षेचे पेपर तपासून रविवारी येतो.
बाबांनी विचारलं, धाकटा निघाला का? मी म्हटलं, निघण्याच्या प्रक्रियेत आहे. त्यांनी मान हलवली आणि न्हावी बोलवायला लावला. धाकटा येणार म्हणून दाढी करून घेतली. दोनदा थांबावं लागलं, दम लागत होता. मी खिडकीतून पार्किंग बघत राहिलो.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी १०.
बायको म्हणाली, भावजींना खरं सांगा, नाहीतर मी सांगते. हिला शब्दांची नजाकत नाही. मीच सांगतो म्हटलं.
फोन लावला. धाकटा म्हणाला, दादा, नीट सांग, आत्ता निघू का? तोंडातून आलं, डॉक्टरांचं बारीक लक्ष आहे. तो म्हणाला, चला, बरं झालं, लक्ष तरी आहे.
याहून स्पष्ट काय सांगायचं? एखादा वार्ताहर असता तर मिळेल ती गाडी पकडून आला असता.
संध्याकाळपर्यंत पुन्हा फोन करीन. नक्की.

शनिवार, ८ मार्च.
बाबा सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेले. शेवटच्या क्षणी मी हॉस्पिटलमध्येच होतो.
काल संध्याकाळी फोन राहिला. पुलाच्या चौकशीची नोट होती.
धाकट्याला बायकोने कळवलं.

रविवार, ९ मार्च.
धाकटा आला. डिसेंबरचा प्रश्न विचारलाच नाही. मी चार उत्तरं तयार ठेवली होती. तो इतकंच म्हणाला, दादा, तू स्थिर म्हणालास म्हणून मी पेपर तपासत बसलो.
मग विचारलं, बाबा शेवटी काही बोलले का? मी सुरुवात केली की अत्यंत समाधानाने, शांत चित्ताने... त्याने हातानेच मला थांबवलं. म्हणाला, तू नको, मी वहिनीला विचारतो.
दोघं आतल्या खोलीत गेली. बायको रडत रडत सांगत होती. मी दाराबाहेर उभा राहून कान देऊन ऐकलं. आत जायची हिंमत झाली नाही.
बाबा शेवटी काय म्हणाले, ते मलाही तेव्हाच कळलं. सहा वाजून दहा मिनिटांनी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात साहेबांना फोनवर प्रेसनोट वाचून दाखवत होतो.