अण्णांच्या गटारीचं परीक्षण

निपाणी,
दुकानातून, भर दुपारी (गिऱ्हाईक नाही)

प्रिय रविराज यास,

(‘प्रिय’ हे हाताच्या सवयीनं पडलंय, लगेच हुरळून जाऊ नकोस.)

अभिनंदनचा जय जिनेंद्र. बेंगळूरची हवा तुला मानवली असेल, पोट सुटलं असेल आणि केस गेले असतील असं धरून चालतो. तब्येत बरीच असणार, नसती तर तुझ्या आईनं, नागुमावशींनी मला सांगितलंच असतं. तुझा पत्ता मी त्यांच्याकडूनच आणला. त्यासाठी येळ्ळूरला गेलो. दारातच त्यांनी विचारलं, “आमच्या रवीचा दोस्त न्हवं तू? मग बारा वर्सं कुठं गेलतास रं?” मी उत्तर जुळवेपर्यंत ताट वाढून झालं होतं. तू न येण्याचा सगळा राग त्यांनी माझ्या ताटात भाकरीवर भाकरी घालून काढला. परत येताना बसमध्ये मला सरळ बसता येत नव्हतं.

तू म्हणशील, या जमान्यात पत्र कोण लिहितं. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेलवर ब्लॉक केलंयस, पैसे पाठवायच्या ॲपवरनं ‘हॅलो’ पाठवला तर तिथंही ब्लॉक केलंयस. पोस्टखात्यात अजून ती सोय आलेली नाही. म्हणून हे पत्र.

बेंगळूरला जाऊन तू सगळं विसरला असशील, म्हणून आधी आपला इतिहास सांगतो. (मी आता इतिहास हा शब्द फार वापरतो. कारण पुढं येईल.) बेळगावच्या कॉलेजात आपण तिघं होतो. विक्रम रॅप करायचा, तू त्याचे बीट बनवायचास आणि मला काहीच येत नव्हतं म्हणून मी समीक्षक झालो. आठवतंय, गॅदरिंगला विक्रमनं पहिला रॅप म्हटला त्याची पेपरात बातमी आली होती? ‘कु. विक्रम याने एक उतारा अतिशय वेगाने वाचून दाखवला. वेळेअभावी त्यास थांबवण्यात आले.’ बस्स. आपल्या भागातल्या हिपहॉपची पहिली छापील समीक्षा ती. लिहिणारे गृहस्थ नाट्यसंगीतातले जाणकार, मांडीवर शाल घेऊन पहिल्या रांगेत बसायचे. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना खरोखरच तो उतारा वाटला. पण विक्रम त्या रात्री जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी आपण कॅम्पातल्या सायबर कॅफेत बसून ‘डब्बल बेल’ हा ब्लॉग काढला. नाव तू दिलंस. कंडक्टरनं डब्बल बेल दिली की गाडी सुटते, तशी आपली सुटणार होती.

आणि सुटली रं! शालवाल्यांच्या लेखाला उत्तर द्यायचं तर संपादकांना पत्र लिहा, ते छापून येईस्तोवर गाणारा नोकरीला लागायचा. आपल्या ब्लॉगवर मी परीक्षण टाकलं की खालच्या चौकटीत तासाभरात खासबागची पोरं कानडीतनं शिव्या द्यायची, कॅम्पातली इंग्रजीतनं, आणि निपाणीची पोरं दोन्हींची खिचडी करून. मधेच कुणीतरी शहाणा लिहायचा, की तिसऱ्या कडव्यात त्यानं श्वास चुकीच्या जागी घेतलाय, परत ऐक. परत ऐकलं तर खरंच चुकलेलं असायचं. यमक कुठं आडवं पडलं, बीट कुठनं उचललाय, कानडी ओळ मराठी ओळीच्या अंगावर कशी येते, हे सगळं मी त्या शिव्यांमधनं शिकलो. आणि ज्याची साल काढली तो गायक पुढच्या गाण्यात माझी काढायचा, त्याचंही परीक्षण मलाच करावं लागायचं. (निःपक्षपातीपणानं केलं. माझ्या नाकावरची ओळ उत्तम आहे असं कबूलही केलं.)

मग विक्रमनं ‘अण्णांची गटार’ केलं. आमच्या गल्लीचे नगरसेवक कलगोंडा अण्णा, दर निवडणुकीला गटारीचा नारळ फोडायचे आणि दर पावसाळ्यात पाणी विक्रमच्या घरात यायचं. त्यातल्या ओळी मला अजून पाठ आहेत:

नारळ फोडला, फोटो काढला, अण्णा हसलं गालात,
गटार गेली फायलीतनं, पाणी आमच्या हॉलात!

गाणं पोरांनी उचलून धरलं. मी परीक्षणात लिहिलं, की एवढ्याशा नगरसेवकावर एवढा मोठा बार फुकट घालवलाय, आणि बीट ऐकताना पत्र्यावर कुणीतरी शेंगांचं पोतं ओततंय असं वाटतं. विक्रम हसला. तू मात्र गाशा गुंडाळून बेंगळूरला गेलास. असो. त्या विषयावर मला आज भांडायचं नाही. (शेंगांचंच पोतं होतं.)

आता झालेली भानगड सांगतो. विक्रमनं गाणं केव्हाच सोडलं. तो स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतो. तोंड तेवढंच वेगानं चालतं, फक्त आता त्याची फी मिळते. लोक त्याला ‘सर’ म्हणतात. आणि लग्न केलंय निशाशी, म्हणजे कलगोंडा अण्णांच्या थोरल्या मुलीशी! गल्लीत दुसरं घर नसल्यासारखं! त्या घरात ‘अण्णांची गटार’मधला ग कुणाला माहीत नव्हता.

गेल्या महिन्यात तो माझ्या पाइपांच्या दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, पण चेहरा पार चुरगळलेला. म्हणाला, “अभ्या, ती पोस्ट काढ रं.”

“कुठली?”

“अण्णांची पंच्याहत्तरी हाय. सत्कार समितीतली पोरं फोटोसाठी अण्णांचं नाव नेटवर घालून शोधायला लागल्यात.”

“मग शोधू दे की.”

“शोधू दे काय? दुसरं कायच येत न्हाई. नुसती तुझी गटार वर येतीया!”

रव्या, त्या वेळी मी चार इंची पाइपला टेकून जे बोललो ते तू ऐकायला हवं होतंस. मी म्हणालो, विक्रम, तुझं गाणं आज जगात दुसरीकडं कुठं आहे ते सांग. ज्या साइटवर चढवलं होतं ती बंद पडली. खासबागच्या ज्या मोबाईलवाल्याकडनं पोरं मेमरी कार्डात भरून न्यायची, तिथं आता मोमो मिळतात. तुझा कॉम्प्युटर तर तुझ्या आईनं दिवाळीला उघडून आतनं ओल्या फडक्यानं पुसला. उरला फक्त ‘डब्बल बेल’. तिथं गाणं आहे, बोल आहेत, परीक्षण आहे आणि खालच्या शिव्यासुद्धा शाबूत आहेत. आपल्यासारख्या पोरांनी इथं काय गायलं हे कुठल्या ग्रंथात नाही, पेपरात तर तो उतारा म्हणून गेलाय. हे मी पुसलं तर आपण नव्हतोच. तेव्हा काढणार नाही, तू सर असलास तरी नाही. विक्रम म्हणाला, “तुला काय जातंय, सासरा माझा हाय,” आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या क्लासमधनं आलेली नळाच्या तोट्यांची ऑर्डर रद्द झाली.

दोन दिवसांनी निशाच दुकानात आली. समितीतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिच्यामागं विक्रम, गुन्हेगार आणल्यासारखा. तिनं मोबाईलवर गाणं लावलं, पूर्ण ऐकलं आणि नवऱ्याकडं बघून विचारलं, “ह्यो आवाज तुझा?” तो म्हणाला, “व्हय.” “मग मला बघायला आलतास तवा पप्पांना, ‘तुमचं काम लई चांगलं’ म्हणालतास, ते काय?” विक्रमला इंग्रजी, मराठी, कानडी तिन्ही भाषा येतात. एकही कामाला आली नाही. मी पाइपा मोजत असल्याचं सोंग केलं. मग निशा एवढं हसली, की मी पाण्याचा तांब्या पुढं केला. “पाणी खरंच हॉलात यायचं?” “गुडघ्याएवढं,” विक्रम म्हणाला. संध्याकाळी तिनं जाऊन वडिलांना सांगून टाकलं.

आणि अण्णा आले. काठी, टोपी, मागं समितीतले दोघं. मी शटर निम्मं खाली ओढलं. (दुकानाच्या काळजीनं, भीतीनं नव्हे.) अण्णा स्टुलावर बसले, म्हणाले, “लाव.” मी लावलं. “परत लाव.” परत लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर काठी जमिनीवर ठेका धरू लागली. मग मला परीक्षण मोठ्यानं वाचायला लावलं. बीटच्या वाक्याला त्यांनी हात वर केला. “शेंगांचं पोतं? चांगलं वाजतंय की! कुणी केलंय?” मी तुझं नाव-गाव सांगितलं. “येळ्ळूरचा? बोलीव त्याला.”

समितीतला एकजण चाचरत म्हणाला, “अण्णा, बदनामी हाय, काढायला लावू या.” तर अण्णा त्याच्यावरच उखडले. “तुम्ही माझ्यावर पुस्तक काढलाय न्हवं? वाचलं मी. समाजभूषण, दानशूर, कार्यतत्पर. ही कोण माणसं हायत? मला तर एक बी भेटला न्हाई. तीनदा निवडून आलो, पर मी कसा हुतो ते त्यात कुठंच न्हाई. ह्या गाण्यात हाय. नारळ फोडून गालात हसतोय न्हवं, त्यो मीच. माझी आई म्हणायची, गोंड्या, लबाडी केलीस की तू असाच हसतोस.”

मला काय झालं कुणास ठाऊक, मी शटर पुन्हा वर केलं.

मग अण्णांनी काठी माझ्याकडं वळवली. “पर ‘एवढासा नगरसेवक’ कुणाला म्हणालास? त्यो शब्द काढ.” मी सांगितलं, अण्णा, समीक्षा कुणाच्या सांगण्यावरनं बदलत नाही. ते म्हणाले, “मग मला उत्तर द्यायचं हाय. कुठं द्यायचं?” मी खालची चौकट दाखवली. अण्णांनी सांगितलं आणि निशानं टाईप केलं: ‘मी स्वतः कलगोंडा. सदर गटार नंतर पूर्ण झाली असून वर स्लॅबही टाकला आहे. समीक्षकाने पाहणी करावी. गाणे छान. जावई आमचे आहेत.’

आता ठरलंय असं, की पंच्याहत्तरीला विक्रमनं ते गाणं स्टेजवर म्हणायचं, अण्णांच्या समोर, आणि गटार झाल्याचं एक नवीन कडवं जोडायचं. कडवं अण्णांनी स्वतः लिहून दिलंय. (यमक नाही. मी अजून सांगितलेलं नाही.) विक्रम क्लास सुटल्यावर दार लावून तालीम करतो. परवा मला बघून म्हणाला, “अभ्या, दम पुरंना रं,” आणि तसा दमलेला तो मला कॉलेजनंतर पहिल्यांदाच आनंदात दिसला.

इकडचं सगळं बरं आहे. तुझ्या आईचे गुडघे तेल लावून आहेत तसे आहेत. तू दिवाळीला येणार म्हणून चकलीचं पीठ थोडं जास्त दळून आणतात, असं त्या बोलल्या नाहीत, मीच डबा बघितला.

तुझा (अजूनही) समीक्षक,
अभिनंदन

ता. क. एक बारीक अडचण आहे. अण्णांच्या उत्तराखाली ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ असं आलंय. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचे अर्ज प्रतीक्षेत ठेवले, तो आता रोज सकाळी दुकानात येऊन विचारतो, “मंजूर झालं का रं?” मंजुरी द्यायला ब्लॉगच्या आत जावं लागतं. आत जायचा पासवर्ड तू त्या परीक्षणाच्या दुसऱ्या दिवशी रागानं बदललास. तेव्हापासून मला तिथं एक अक्षर लिहिता आलेलं नाही. तो तेवढा कळव.

ता. क. २. पाइपला टेकून केलेल्या भाषणाबद्दल तुला शंका आली असेल. हो, पोस्ट काढायची म्हटली असती तरी मला काढता आली नसती. हे विक्रमला सांगू नकोस, त्याच्या मनात माझ्याविषयी नुकताच आदर तयार झालाय.

ता. क. ३. पाकीट चिकटवताना एक गोष्ट डोक्यात आली आणि पुन्हा उघडलं. चावी एवढी वर्षं तुझ्याकडं होती. त्या शेंगांच्या पोत्यासकट सगळं एका मिनिटात पुसता आलं असतं तुला. पुसलं नाहीस. उलट साइट चालू ठेवायला दरवर्षी काहीतरी करावं लागतं म्हणे, ते कोण करतंय याचा मी आजवर विचारच केला नव्हता. इथं मी इतिहास जपल्याचं मिरवत होतो, आणि जपणारा बेंगळुरात मला ब्लॉक करून बसला होता.

ता. क. ४. पासवर्ड पत्रानं कळवू नकोस, पोस्टात गहाळ होईल. तू ये आणि स्वतः टाईप कर. मी तोंड फिरवून उभा राहतो.