सुक्याक कसली घाई

आये,

काल मी एका शर्यतीत धावले. तू असतीस तर पहिल्यांदा विचारलं असतंस, "खंय जावचा होता?" आणि मी सांगितलं असतं की कुठेच नाही, जिथून निघालो तिथेच परत यायचं होतं, डोक्यावर काही नव्हतं, पोचल्यावर काही विकायचंही नव्हतं, आणि एवढ्यासाठी वर आपणच पैसे भरायचे असतात. मग तू हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत राहिली असतीस. पोरांना शिकवून शिकवून हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं तू शेजारणीला सांगितलं असतंस, आणि तेही माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात.

तू गेलीस त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी धावायला लागले. आधी वजन वाढलं म्हणून चालणं, मग चालणं पुरेना म्हणून धावणं. पंचेचाळिशी उलटलेली बाई मालवणच्या रस्त्यावर पंजाबी ड्रेसमध्ये धावतेय म्हटल्यावर लोक आधी मागे कुत्रा आहे का ते बघायचे. पुढे सवय झाली त्यांना. पन्नाशी झाल्यावर आमच्या तालुक्यातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत, पन्नाशीपुढच्या बायकांत, मी पहिली आले, आणि त्यानंतर दरवर्षी येत राहिले. शाळेतली मुलं माझ्या पाठीमागे मला 'धावत्या बाई' म्हणतात. मला ते आवडतं. एवढ्या वयात एखाद्या गोष्टीत पहिलं असणं फार आवडतं, आये, हे तुझ्यापाशी कशाला लपवू? तुझ्याकडूनच तर आलंय ते.

आपल्या आचऱ्याच्या किनाऱ्यावर लिलाव उरकला की तुम्ही बायका पाट्या भरून आतल्या गावांकडे निघायचात. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा तू मला बरोबर नेलंस. अजून डोळ्यांपुढे आहे. तू पुढे, तुझ्यामागे बाकीच्या, आणि सगळ्यांत मागे मी, हातात फक्त पाण्याची कासांडी. पाटीतलं खारं पाणी तुझ्या मानेवरून पाठीत उतरतंय, लुगड्याचा काठ ओला झालाय, आणि तुला त्याचं काही नाही. भातशेतं संपतात, तांबड्या कातळाची घाटी सुरू होते, आणि मी काहीतरी बडबडत असते. तू मान न वळवता म्हणतेस, "चढणीर बोला नको. पावला ल्हान टाक." बस, एवढंच. वर पोचल्यावर सगळ्या पांगतात, जिची तिची वाडी वेगळी. पण जी वाडीत आधी पोचेल तिचे बांगडे आधी खपतात, त्यामुळे वरवर गप्पा मारत चालणाऱ्या तुम्ही बायका खरं तर एकमेकींच्या पायांकडे बघत चालायचात. शर्यतच ती. फक्त तिला शर्यत म्हणायची कोणाला गरज वाटत नव्हती.

पुढे तुझी पन्नाशी आली. मी तेव्हा नोकरीला लागले होते, शनिवारी घरी यायचे. तू कधी काही बोलली नाहीस, पण बरोबरच्या बायकांकडून कळत होतं. तू घाटीत मागे पडायला लागली होतीस आणि त्या तुझ्यासाठी हळू चालायच्या. आदराने, प्रेमाने. एके दिवशी ते तुझ्या ध्यानात आलं. एक जण म्हणाली होती म्हणे, "काकी, सवकाश येवा, आमी थांबतंव." त्यावर तू भर घाटीत थांबलीस आणि सगळ्यांवर डाफरलीस, "माझ्यासाठी पाय आखडू नकात गो. माशाक माझा वय कळता काय?" त्या बिचाऱ्या घाबरून पुढे गेल्या. तू मागून एकटी आलीस. त्या दिवशी तुझे बांगडे उरले आणि रात्री आपल्या घरी सगळ्यांनी तेच खाल्ले. तू मात्र जेवताना अगदी मजेत होतीस, असं बाबा सांगायचे.

मग लुना मोपेडवरून मासे विकणारे लुनावाले आले. मागे पेट्या बांधायच्या, वर बर्फ घालायचा, आणि भोंगा वाजवत वाडीवाडीतून फिरायचं. तुम्ही घाटीच्या पायथ्याशी असायचात तेव्हा ते विकून परतत असायचे. त्यांच्याशी कोण चालणार? तरी तू पावसाळा संपल्यावर पुढचा सगळा हंगाम ताजी मासळीच नेलीस, कारण तुझी ठरलेली घरं होती आणि ती तुझ्यासाठी थांबतात अशी तुझी खात्री होती. त्यातल्या एका घरी मी तुझ्याबरोबर होते. मागीलदारी विहिरीपाशी ती बाई बसली होती, आणि तिच्यापुढे बांगडे साफ करून ठेवलेले होते. ती एकदम उभी राहिली. "काकी, काय करू गो, तो दारातच इलो भोंगो वाजवन." तू पाटी डोक्यावरच ठेवून वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "बरा केलंस. बांगडे बरे आसत." पाणी मागून प्यायलीस. तिच्या सुनेचं बाळंतपण कधी आहे ते विचारलंस. परत येताना मात्र घाटी उतरेपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस, आणि उतारावर न बोलायचा तुझा काही नियम नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारी मी आले तर परसात खारवलेले बांगडे, बारीक कोळंबीचा गोलमा आणि बोंबील वाळत पडलेले, आणि तू कावळे हाकत बसलेली. आपल्याकडे बाई म्हातारी झाली की सुकं विकायला लागते, हे मला माहीत होतं. सुकं कुजत नाही. आज नाही खपलं तर उद्या खपेल, उन्हात थांबता येतं, कोणाच्या ओसरीवर तासभर बसता येतं. ताजी मासळी सोडून सुकं धरलं म्हणजे धावपळीतून सुटका, असं सगळे समजतात. मला वाईट वाटलं. मी तुझ्या शेजारी कावळे हाकायला बसले. तूच म्हणालीस, "सुक्या बांगड्याक भोंगो लागत नाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी तुझ्याबरोबर निघाले. म्हटलं, आता आई रमतगमत जाईल, मलाही गप्पा मारता येतील. कसलं काय! हलकी पाटी मिळाल्यावर तू अशी सुटलीस की मला घाटीत धाप लागली. ताज्या मासळीवाल्या बायकांच्या आधी तू वाडीत हजर. ज्या अंगणात पहिल्यांदा पाटी उतरवलीस तिथला म्हातारा पायरीवर दात घासत बसला होता. तो हसायला लागला. "सुक्याक कसली घाई गो तुका?" तू पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "सुक्याक नाय. माका आसा."

मी तेव्हा हसले होते. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या वाक्याने मला कितीदा तरी घराबाहेर काढलं आहे.

कारण या वर्षी माझीही सुक्याची पाळी आली. गेल्या शर्यतीनंतर उजवा गुडघा सुजला आणि महिनाभर उतरेना. तसं लक्षण आधीपासून दिसत होतंच. पूर्वी लांबचं धावून आले की दोन दिवसांत पाय मोकळे व्हायचे, आता आठवडा जातो. अंतर अजून जमतं, पण शेवटी जो जोर काढायचा असतो तो काढायला गेलं की आत काही नसतं, रिकाम्या पिंपात तांब्या फिरवावा तसं. डॉक्टर भले माणूस आहेत. म्हणाले, "बाई, एकवीस आता विसरा. दहा करा, पण आरामात, गप्पा मारत." मी घरी येऊन यजमानांना सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की चहा त्यांनीच केला. "आता कोणाक काय दाखवचा आसा तुका?" असं त्यांनी विचारलं. काळजीनेच विचारलं. मी म्हटलं, खरंच, कोणाला काय दाखवायचंय. आणि दहा किलोमीटरला नाव दिलं, सगळ्यांना सांगितलं की यंदा मजेसाठी.

मजा कसली, मला पहिलं यायचं होतं. पण मी गाढवासारखी पळत सुटले नाही. रोज धावणं सोडलं, दिवसाआड केलं. मधल्या दिवशी घरात तांदळाच्या पिशव्या दोन्ही हातांत धरून उठाबशा काढल्या, कारण या वयात मांड्यांतलं बळ आधी ओसरतं, आणि मांड्या गेल्या की सगळा भार गुडघ्यांवर. आठवड्यातून एकदाच ओहोटीच्या कडक वाळूवर जोरात धावायचं, तेही अंग तापल्यावर. दुपारची झोप लाज न बाळगता घेतली. तरुणपणी अंगाला हुकूम सोडला की ते चालायचं, आता त्याच्याशी बोलावं लागतं, आधी त्याचं ऐकावं लागतं. सून म्हणाली, "आई, मजेसाठी एवढं?" मी म्हटलं, तब्येतीसाठी गो.

माझी भीती एकाच बाईची होती. कणकवलीची दातांची डॉक्टर, यंदाच पन्नाशीची झालेली, म्हणजे माझ्या गटात नुकतीच उतरलेली. काटक, मनगटावर मोठं घड्याळ, आणि चेहरा असा की ही चढ बघूनसुद्धा हसेल. काल सकाळी सुटल्याबरोबर ती पुढे गेली. मी जाऊ दिली. खाडीवरच्या पुलापर्यंत अंग सांभाळून गेले, मग चढ लागला, आणि चढावर आमच्यातलं अंतर कमी व्हायला लागलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी तिच्या बाजूने गेले तेव्हा तिने "शाब्बास" म्हटलं आणि मला वाईट वाटलं, कारण मी तिच्याबद्दल महिनाभर काहीबाही मनात आणलं होतं. वर पोचल्यावर समोर रस्ता सरळ, दोन्हीकडे काजू, आणि पुढे दूर निळ्या सदऱ्यात टोपी घातलेली एक बाई. तिच्या चालीवरून मी ती पस्तिशीची धरली. ती माझ्या गटात नाही, तेव्हा तिला पकडायची काही गरज नव्हती. तरी मी पकडायला गेले. गुडघा बोलायला लागला, मी त्याला म्हटलं थोडं थांब. शेवटच्या वळणापर्यंत अंतर कमी केलं, मग तिने मागे न बघता वेग वाढवला आणि निघून गेली. रिकामं पिंप. तरी मी समाधानाने पोचले. माझ्या गटात पहिली आले, असं वाटत होतं मला.

पलीकडे ती बाई टोपी काढून पाणी पीत होती. केस सगळे पांढरे. मी जवळ गेले, कारण राहवेना. शिरोड्याची निघाली, नर्स होती, केव्हाच रिटायर झालेली. मी वय विचारलं, तर म्हणाली, "माका सदुसष्टावा लागला. साठी झाली तेवा धावाक लागलंय. त्येच्या आदी येळ खंय होतो?" आणि पिशवीतून खाजा काढून माझ्या हातावर ठेवला. "खा गो, दमलंस. तू अजून ल्हान आसस."

पन्नाशीपुढच्या सगळ्या बायका एकाच गटात, म्हणजे पहिली ती, मी दुसरी. आये, मला इतका राग आला की काय सांगू. इतकी वर्षं हरले तर काय म्हणायचं ते माझ्याकडे तयार होतं. वय झालं, असं म्हणायचं आणि सगळ्यांनी मान डोलवायची. ते एक कारण मी जपून ठेवलं होतं, आणि ही बाई ते घेऊन शिरोड्याला गेली. गाडीत बसून मी खाजा खाल्ला आणि रडले. पहिल्यांदा हरले म्हणून. मग रडता रडता ध्यानात आलं की सदुसष्टला अजून पुष्कळ वर्षं आहेत, आणि ती वर्षं मला कुणीतरी आत्ताच हातावर ठेवल्यासारखी वाटली. तेव्हा आणखी थोडी रडले, पण ते वेगळं. बांगडे उरले त्या रात्री तू जेवताना मजेत का होतीस, ते मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आज सकाळी गुडघ्याला शेक दिला. गरम पाणी यजमानांनीच आणून दिलं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं तुला सांगते. घरी मी सांगितलं आहे की दुसरी आले, मजा आली, पुढची होती ती तयारीची होती. ती माझ्याहून मोठी होती, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.