डाव्या गालावरचा थनाखा

मिठागराच्या महाराणी मा सान यी यांच्या चरणी सिंगापूरस्थ पतीचा सक्रोध नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. केवळ गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दिवसभर कोठारात काम करून, ऊन न मिळाल्यानं हाडं ठिसूळ झालीत. रोज थोडं उन्हात बसा." बसलो, तर कोठाराचा मुकादम खेकसला, "आधी सनस्क्रीन फासा, मग ऊन खा!" एकीने सूर्यदर्शनास धाडावे आणि दुसऱ्याने द्वारी अडवावे, हा कुठला न्याय?

परंतु माझ्या खऱ्या संतापाचे कारण तू आहेस. दिवसभर मिठागरात उन्हाने भाजून निघतेस. तू पाठवलेल्या छायाचित्रात उजव्या गालावर थनाखाची साल उगाळून लावलेला पातळ लेप आणि डाव्या गालावर भिंतीला गिलावा करावा तसा थर! तिथला तो जुना काळा डाग वाढला आहे, म्हणून झाकतेस ना? धाकटी फोनवर म्हणाली, "बाबा, आई तोंड धुतानासुद्धा दार लावून घेते."

थनाखा उन्हापासून रक्षणासाठी असतो, नवऱ्यापासून नव्हे!

तुझ्या आईंचा खोकला कसा आहे? त्यांना सोबत घेऊन तत्काळ मॉलम्याइनच्या रुग्णालयात जा आणि तो डागही दाखव. आणि पुढचे छायाचित्र कृपया तोंड धुऊन काढ.

कोपाविष्ट, तथापि सर्वस्वी तुझा,
को च्यॉ तुन