पाठीवरची लाट

अगं चिमे,

लहानपणी सहलीला कुठे जायचं यावर आपलं भांडण जुंपलं, की तू माझ्या पाठीवर बोटाने तुझी जागा काढायचीस. मी ती ओळखली की तिथेच जायचं, हा आपला कायदा.

इथे परदेशात परवा जोडून सुट्टी आली. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "एक रात्र तरी शहराबाहेर पड गं. जवळ डोंगर आहे, समुद्रही आहे." मी खोलीत एकटीच मोबाईलवर दोन्ही जागा बघत बसले होते. तेवढ्यात पाठीवर ओलं बोट फिरलं. एक लाट काढली, तिच्यामागे आणखी एक.

वळून बघायची माझी छाती झाली नाही. तुला समुद्राने नेल्यापासून मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. "तुझे हट्ट जिवंतपणी पुरवले तेवढे पुरे," असं मोठ्याने म्हणून मी डोंगरावरची खोली घेतली.

आज दुपारी इथे पोचले, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "किल्ली तुमच्या बहिणीने नेली. नुसती निथळत होती हो बिचारी! आणि बाहेर तर कडक ऊन." तिने माझ्या हातात एक जास्तीचा टॉवेल ठेवला.

मी खालीच बसून हे लिहितेय. पत्र टाकू तरी कुठे? तू तर वरच्या मजल्यावर. जिन्यावरून पाणी पायरी पायरी उतरत माझ्या चपलेपर्यंत आलंय. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट आहे.

केस पुसायला खिडकीपाशी बस. येते मी वर.

तुझी,
ताई