एक्याण्णव एकांची मूळ संख्या

४ मार्च, सोमवार. सकाळी सात
आजपासून आयुष्य बदललं. बावीस वर्षं छापखान्यात प्रूफं वाचून लोकांच्या चुका शोधल्या. आता स्वतःचा शोध लावायचा. विषय: अवाढव्य मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग न जाणारी. स्वभाव जुळतो.

५ मार्च
लायब्ररीत वाचलं. नुसते एक लिहीत जायचे, ११११ असे. एकोणीस एक लिहिले की मूळ संख्या, तेवीस लिहिले तरी. एक किती लिहायचे, तो आकडाही मूळ हवा. पुढचं वाक्य ‘पण’नं सुरू होत होतं. पुस्तक मिटलं.

६ मार्च
एक्याण्णव पक्के! दोननं भाग जात नाही, तीननं नाही, पाचनं नाही. सातचा पाढा दोनदा म्हटला, तो सत्तरलाच संपतो. तेराचा शाळेतही कधी पाठ झाला नाही. काही अडलं नाही.

९ मार्च
बायको गणित शिकवते, पण सहावीला. म्हणाली, एकदा बघू का? म्हटलं, तुझ्या पोर्शनमध्ये नाही. ती वह्या तपासता तपासता थांबली, वहीकडे बघून हसली. पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं.

१२ मार्च
मालकांना राजीनाम्याचं पाकीट दिलं. त्यांनी विचारलं, घर कसं चालणार? सांगितलं, जग दखल घेईल. म्हणाले, तोवर? या माणसाला दृष्टीच नाही.

१५ मार्च
पोस्टर तयार. एका ओळीत मावेना, म्हणून कंपोझिटरनं सात-सात एकांच्या ओळी पाडल्या. बरोब्बर तेरा ओळी, एकही अपुरी नाही! म्हणाला, इतका नीट बसलेला मजकूर जन्मात पाहिला नाही. थोर संख्येची शिस्तच वेगळी. एकेक एक मोजून प्रूफ वाचलं. चूक नाही.

१७ मार्च, रविवार
घरी अनावरण. सासरची मंडळी, शेजारी, मालकसुद्धा. टाळ्या झाल्या. मेहुण्यानं विचारलं, ताई, याला खरंच कशानं भाग जात नाही? तिनं माझ्याकडे बघितलं. मीच आग्रह केला, सांग सगळ्यांना. मग ती उठली. म्हणाली, सगळ्या ओळी सारख्या आहेत. एका ओळीतल्या सात एकांच्या संख्येनं पूर्ण आकड्याला भागा, बाकी शून्य. आणि हळूच, तेरा साते एक्याण्णव.
हात दाखवून अवलक्षण. सासरे बराच वेळ चष्मा पुसत होते. मला मान वर करवेना.

१८ मार्च
तिला म्हणे नऊ तारखेलाच कळलं होतं. मग बोलली का नाहीस? म्हणाली, विचारलंत कुठे?
पोस्टर वर्गात नेऊ का म्हणाली. भाग जाणं इतकं स्वच्छ मुलांना कधी दाखवता येत नाही. म्हटलं, ने.

१९ मार्च
मालकांनी पाकीट खणातून काढून परत दिलं. फोडलंच नव्हतं. म्हणाले, बसा कामाला. पाढ्यांचं पुस्तक छापायला आलंय, दोन ते तीस.
सकाळपासून तेराच्या पाढ्यात चूक शोधतोय. अजून सापडलेली नाही.